आप्पांनी स्टँडबाय चालवून बघितला

आमच्या कामोठ्याच्या घरात प्रत्येक वस्तू जोडीनं होती. दोन टॉर्च, दोन इस्त्र्या, दोन छत्र्या, कुकरच्या दोन शिट्ट्या, दाराच्या किल्ल्यांचे दोन जुडगे आणि त्यातला एक शेजारी ठेवायला दिलेला. एकटी होते ती मीच. "हिचा तेवढा स्टँडबाय राहिला," असं आप्पा पाहुण्यांसमोर हसत म्हणायचे आणि आत आईचं लाटणं जरा जोरात आपटायचं. आप्पा तळोज्याला एका केमिकल कंपनीत पंप ऑपरेटर होते. तिथे म्हणे प्रत्येक पंपाशेजारी अगदी तसलाच दुसरा पंप बसवलेला असतो. पहिला ए, दुसरा बी, म्हणजेच स्टँडबाय. ए बंद पडला की बी सुरू करायचा, काम थांबू द्यायचं नाही. पण बी नुसता शोभेला ठेवून भागत नाही. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तो चालवून बघावा लागतो, नाहीतर त्याचं सील सुकतं, फिरणारा शाफ्ट अडकून बसतो आणि नेमक्या गरजेच्या दिवशी तो दगा देतो. हे शास्त्र आप्पांनी कंपनीच्या गेटातून जसंच्या तसं घरी आणलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी अंघोळ झाली की त्यांची फेरी निघायची. ठेवणीतला टॉर्च लावून बघायचा, ठेवणीतल्या इस्त्रीनं एक रुमाल इस्त्री करायचा, ठेवणीतली छत्री हॉलमध्ये उघडून मिटायची. "अहो, घरात छत्री उघडू नये," आई म्हणायची. "मग काय पावसात उघडून बगू, चालतीय का न्हाई ते?" आप्पा म्हणायचे. यावर आई चहा टाकायची.

घर तिसऱ्या मजल्यावर, एक हॉल, एक खोली, एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या सोसायटीच्या गच्चीवरचे वाळत घातलेले पापड दिसायचे आणि वारा तळोज्याकडून फिरला की एक गोडसर, घशाला खवखवणारा वास यायचा. आप्पा तो वास घेऊन कुठल्या प्लांटमध्ये काय चाललंय ते सांगायचे. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण आम्हाला कौतुक वाटायचं. सकाळी जुन्या गावातली मासेवाली खालून ओरडायची, "ताजी बोंबलां हायत गो, पानी पन सुकला नाय त्यांचा!" आणि आई, जिचं माहेर साताऱ्याच्या पलीकडे, जिनं लग्नापर्यंत मासा फक्त चित्रात पाहिलेला, ती आता गॅलरीतून वाकून तिच्याशी घासाघीस करायची. बाकी जेवण मात्र गावाकडचंच. वाघ्या घेवड्याची आमटी, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. घेवडा गावाहून पोत्यानं यायचा आणि अर्थातच दोन डब्यांत भरला जायचा. एक वापरायचा, एक ठेवायचा.

मी नेरूळच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या डिग्रीला गेले, म्हणून घरात कॉम्प्युटर आला. सुटे भाग जोडून करून घेतलेला, भलामोठा मॉनिटर, आणि चालू करताना विमान उडाल्यासारखा आवाज. आईनं पडद्याच्या उरलेल्या कापडाचं त्याला झाकण शिवलं. दोन शिवली, हे सांगायला नकोच. पहिले काही महिने ती त्याला लांबूनच बघायची. मग एका दुपारी मी त्यात मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम टाकला, ज्याच्या कळा जुन्या टाइपरायटरसारख्याच लावता येत होत्या, आणि सहज तिला हाक मारली. आईनं लग्नाआधी साताऱ्यात टायपिंगची मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा दिली होती. स्थळाला पाठवायच्या माहितीत 'मुलीला टायपिंग येते' असं लिहिलं गेलं, आणि त्यानंतर वीस वर्षांत तिला कोणी टायपिंगबद्दल एक शब्द विचारला नाही. ती कणकेचे हात पदराला पुसत आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि कळांकडे न बघता तिनं आपलं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सपासप टाइप केलं. मी बघतच राहिले. ती पण स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही मशीन फारच मऊ हाय गं. आमच्या इन्स्टिट्यूटात बोटं दुखायची."

ही बातमी कदम गुरुजींपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. कदम गुरुजी म्हणजे साताऱ्याकडून येऊन कामोठ्यात वसलेल्या आमच्या लोकांच्या मंडळाचे सर्वेसर्वा. शाळेतून निवृत्त झालेले, पण सवयीनं अजून सगळ्यांना पाढे विचारतील असे. मंडळाला पंचवीस वर्षं होणार होती आणि त्यानिमित्त स्मरणिका निघणार होती. गुरुजी लेखांची जाडजूड पिशवी घेऊन घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, पनवेलचा तो टायपिंगवाला माझ्या प्रत्येक लेखात नव्या चुका घालतो. जुन्या काढत नाही. तुम्हीच हे करा. शेवटच्या पानावर नाव छापू. अक्षरजुळणी, सौ. मालन शिंदे." आईनं पिशवी उचलून आत ठेवली. पण त्या संध्याकाळच्या आमटीत मीठ दोनदा पडलं. आईचं नाव तोवर फक्त लग्नपत्रिकेत छापलं गेलं होतं, आणि तेही बदललं जाणार म्हणून सांगायला. मंडळाच्या शंभर पानी पुस्तकात, गुळगुळीत कागदावर, केलेल्या कामाखाली आपलं नाव येणार, या एका गोष्टीनं तिची चाल बदलली. दुपारची झोप बंद झाली. भांडी आवरली की टकटक सुरू. रोज संध्याकाळी त्या दिवसाची पानं ती माझ्याकडून फ्लॉपीवर करून घ्यायची आणि फ्लॉपी देवघराच्या खणात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवायची. आप्पांची बायको शोभायची अगदी.

आता माझी पाळी. कॉलेजात आमच्या लॅबच्या सरांनी एकदा रिकव्हरी पार्टिशन कसं करायचं ते शिकवलं. मशीनच्या हार्ड डिस्कचे तीन भाग करायचे. पहिल्यात विंडोज आणि रोजचं लिहिलेलं. दुसऱ्यात आपली साठवण. तिसरा भाग लपवून ठेवायचा आणि त्यात पहिल्या भागाची, आज आहे तशी, पूर्ण प्रत काढून ठेवायची. पुढे कधी व्हायरस शिरला, मशीन बिघडलं, तर सुरू होताना काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, त्यातली दुसरी निवडायची. वीस मिनिटांत पहिला भाग प्रत काढली त्या दिवशी जसा होता तसा होतो. सरांनी हेही दोनदा बजावलं होतं की त्या दिवसानंतर पहिल्या भागात जे लिहिलं असेल ते जातं, म्हणून स्वतःची कामं नेहमी दुसऱ्या भागात ठेवा, त्याला हा प्रकार हात लावत नाही. मी वहीत ते अधोरेखित केलं होतं. ती वही परवापरवापर्यंत माझ्याकडे होती.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी कंबर कसली आणि दुपारपर्यंत ते पार्टिशन तयार केलं. इतका अभिमान मला नंतर पहिल्या पगाराचाही वाटला नाही. आई-आप्पांना समोर उभं करून मी भाषण ठोकलं. लपवलेला भाग, काळा पडदा, दुसरी ओळ, सगळं सांगितलं. "म्हणजे आता काहीही झालं ना, तरी सगळं परत येतं!" आप्पांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "म्हंजे बी पंप!" ते म्हणाले. मी म्हटलं, "हो, अगदी तसंच." आता, ते अगदी तसं नव्हतं. बी पंप आजचं काम पुढे नेतो, आणि माझं पार्टिशन आजचं काम पुसून त्या जुन्या दिवसावर नेऊन ठेवतं. हे मला ठाऊक होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मी केलेली गोष्ट आप्पांना त्यांच्या भाषेत कळली होती, त्यात पाचर कुठे मारा, असं मला वाटलं.

आईनं संध्याकाळी फ्लॉपी पुढे केली तेव्हा मी म्हटलं, "आता फ्लॉपी कशाला गं? दे इकडे, मला प्रॅक्टिकलला लागतेय." तिनं जरा थांबून विचारलं, "नक्की ना?" मी हसले. फ्लॉपी कॉलेजात नेली, पुसली आणि वापरली. मी प्रत काढली त्या दिवशी तिची सोळा पानं झाली होती, आणि ती काय, पुढची काय, सगळी पहिल्या भागातच होती. दुसऱ्या भागात का नव्हती, ते सांगते. दुसरा भाग माझ्या गाण्यांनी गच्च भरला होता. मैत्रिणींकडच्या सीड्या आणून आणून मी शेकडो गाणी त्यात ओतली होती. थोडी काढून आईच्या पानांना जागा करायची, हे मी दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकलत होते. आणि आप्पांनी विचारलं, "चालवून बगितलास का?" तेव्हा मी चालवून न बघताच म्हटलं, "हो हो. मध्ये काहीतरी विचारतं, येस दाबायचं, बस." आप्पांनी कंपनीत नोंदींच्या लॉगशीटवर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात एका कागदावर लिहिलं, 'स्टँडबाय. सुरू करताना दुसरी ओळ. विचारल्यास येस.' आणि तो कागद कॉम्प्युटरच्या डब्याच्या अंगाला चिकटपट्टीनं लावला. मी मैत्रिणींना तो दाखवून हसायचे.

आज मी महापेला एका कंपनीत नेमकं हेच काम करते. मोठमोठ्या मशीनांच्या प्रती काढायच्या आणि त्या परत उभ्या राहतात का ते ठरावीक दिवसांनी तपासायचं. नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते की तपासून न बघितलेली प्रत ही प्रतच नव्हे. ती लिहून घेतात. त्यांना वाटतं मॅडमनी हे कुठल्यातरी जाड पुस्तकातून आणलंय. आणि हो, ती तपासणी आम्ही नेहमी वेगळ्या मशीनवर करतो.

स्मरणिका छापखान्यात जायला नऊ दिवस उरले होते. आईची चौऱ्याऐंशी पानं झाली होती. गुरुवारी आप्पांची साप्ताहिक सुट्टी असायची. मी कॉलेजात होते आणि आई शेवटचे दोन लेख आणायला गुरुजींकडे गेली होती. कंपनीत एखादी मोठी ऑर्डर पाठवायच्या आधी बी पंप चालवून बघायचा, असा नियम आहे. एरवी आप्पा कॉम्प्युटरला हात लावत नसत, पण आईची ऑर्डर आता जाणार होती. आप्पांनी हात-पाय धुतले, चष्मा लावला, कागद वाचला आणि मशीन सुरू केलं.

मी एकच्या सुमारास घरी आले. दार उघडताना आप्पांनी शिट्टी घातली, म्हणजे ते फारच खुशीत होते. "वैशे, तुजा स्टँडबाय एकदम फर्स्टक्लास हाय. वीस मिंटात गपकन चालू! कुटं आडकला न्हाई, काय न्हाई." मला आधी कळलंच नाही. मग मी मॉनिटरकडे बघितलं. पडद्यावर गणपतीचा फोटो होता, जो मी पार्टिशन केलं त्या दिवशी ठेवला होता आणि नंतर चारदा बदलला होता. मी बॅगसुद्धा खाली न ठेवता आईचा फोल्डर उघडला. सोळा पानं. बंद करून परत उघडला. सोळाच. आप्पा मागे उभे होते, कौतुकाची वाट बघत. "काय गं? बरोबर चाललाय न्हवं?"

इतक्यात आई आली. चपला काढतानाच ती बोलत होती, गुरुजींनी शेवटच्या पानाचा नमुना दाखवला, रंग कसा छान आहे, तिचं नाव कसं खाली मधोमध येणार आहे. मग आमची तोंडं बघून ती तशीच खुर्चीवर बसली. तिनं स्वतःच माउस हातात घेऊन एकेक पान खाली नेलं. शेवटच्या पानावर आली, परत वर गेली, परत खाली. "सतरावं कुठाय?" तिनं विचारलं. इतक्या साध्या आवाजात, जणू मी ते उचलून दुसरीकडे ठेवलं असेल. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी आप्पा बोलले. "मी चालवून बगितला स्टँडबाय. तिचं काय न्हाई. मीच हात घातला." आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मी तोंड मिटलं. नंतर आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी गप्प बसले, काही ठिकाणी शहाणपणानं, काही ठिकाणी भीतीनं. पण त्या दुपारच्या गप्प बसण्याची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची नाही. आई खुर्चीवरून उठली. आत गेली आणि कुकर लावला. त्या दिवशी आमटीत मीठच नव्हतं. आम्ही तिघांनी ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उचलून रिक्षानं नेरूळला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं तासभर खटपट केली आणि म्हणाला, "ताई, त्याच्यावरच परत लिहिलंय सगळं. आता काय भेटनार नाय. टेन्शन नका घेऊ, गाणीबिणी सेफ आहेत तुमची." मी त्याला त्या वाक्याबद्दल मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. घरी आले तर हॉलमध्ये वेगळंच दृश्य. आप्पा कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले होते, मांडीवर लेखांची पिशवी. त्यांनी कंपनीत फोन करून आठ दिवसांची रजा टाकली होती. बावीस वर्षांत जो माणूस ताप अंगावर काढून शिफ्टला गेला, त्यानं रजा टाकली म्हटल्यावर साहेबांनी घाबरून विचारलं, घरात कोण आजारी आहे? आप्पा म्हणाले, "मशीन."

मग ते आठ दिवस! आप्पा वाचायचे आणि आई टाइप करायची. मूळ कागदात मान घालून टाइप करण्यापेक्षा कानानं ऐकून तिचा वेग दुप्पट झाला, हे त्यातलं पहिलं आश्चर्य. दुसरं म्हणजे आप्पांचं वाचन. लॉगशीटवर तापमान आणि दाब वाचावा तसे ते वाचायचे. "आमच्या गावची नदी स्वल्पविराम ही केवळ नदी नसून स्वल्पविराम आमची माय आहे पूर्णविराम." एका सभासदानं बायकोवर कविता केली होती, ती आप्पांनी अशी वाचली की आई हसून हसून कळांवर पडली आणि दोन ओळींत नुसते 'ममममम' उमटले. "हसाय काय झालं? लिवलंय तेच वाचतोय," आप्पा चिडून म्हणाले. आईनं हळूहळू लेखकांची वाक्यंही सुधारायला घेतली. "हे दोनदा आलंय. एक काढते." "आगं, गुर्जींचं हाय ते!" "गुर्जींचं असलं म्हणून काय झालं?" तिच्यात हे बळ कुठून आलं कुणास ठाऊक. आल्या-गेल्यासमोर मात्र ती आप्पांना टोमणा मारायची. "आमच्या पंपवाल्यांनी घालवली सगळी पानं, आता भरून देतायत." आप्पा मान खाली घालून पुढचं पान काढायचे. मी घेवडा निवडत, चहा करत, हे ऐकत राहायचे. रोज ठरवायचे की आज सांगायचं. रोज काहीतरी कारण मिळायचं. आप्पा दमलेत, आई रंगात आलीय, शुभेच्छांची पानं राहिलीत. कारणांची खाणच होती माझ्याकडे.

पाचव्या दिवशी आईची बोटं भरून आली. आप्पा दाढी करायला खाली गेले होते. कोमट पाण्यात बोटं बुडवून ती म्हणाली, "गाणं लाव गं तुझं एखादं. कान किटले त्या स्वल्पविरामांनी." मी लावलं. तिनं आख्खं गाणं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ही बरी राहिली." मी म्हटलं, "ती दुसऱ्या भागात असतात. त्याला काही होत नाही." बोलून गेले आणि जीभ चावली. आईनं पाण्यातून हात काढला. "मग माझी पानं का नव्हती तिथं?" मी काहीतरी बोलणार होते, पण तिच्या डोळ्यांत बघून खोटं सुचेना. "जागा नव्हती," मी म्हटलं. पंखा फिरत होता, पुढचं गाणं आपोआप सुरू झालं होतं, ते मी बंद केलं. आईला सगळं कळलं. पानं, फ्लॉपी, माझं भाषण, सगळं. तिनं टॉवेलनं एकेक बोट पुसलं आणि म्हणाली, "मी तुला काय बोलणार न्हाई. पण ते बिचारे पाच दिवस माझं ऐकून घेतायत. त्यांना तू सांगायचंस. मी न्हाई सांगणार." त्या दुपारी मी माझी सगळी गाणी पुसली. एक ठेवलं नाही. त्यानं काय भरून येणार होतं, काही नाही. पण तिथं आईच्या फोल्डरला जागा झाली.

पानं वेळेत गेली. शंभरच्या शंभर. तीन फ्लॉप्यांवर, एक गुरुजींकडे, एक देवघरात आणि एक आप्पांच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. आणि पुढच्या आठवड्यात कामोठ्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये समारंभ झाला. आईनं लग्नातला शालू नेसला होता. नवीकोरी स्मरणिका हातात आल्यावर सगळ्यांनी आपापले फोटो शोधले, आईनं सरळ शेवटचं पान उघडलं. नाव होतं. खाली, मधोमध. तिनं ते बोटानं चाचपून बघितलं, शाई ओली असेल अशा भीतीनं. मग गुरुजींनी तिला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, "मंडळी, ही स्मरणिका वहिनींनी दोनदा टाइप केली बरं का! एकदा मंडळासाठी आणि एकदा आमच्या शिंदेसाहेबांमुळे!" सगळा हॉल हसला. कोणीतरी मागून ओरडलं, "शिंदे, पंप बंद करा!" अजून हसू. आप्पा उभे राहिले, सगळ्यांना हात जोडले आणि स्वतःही हसले. आई स्टेजवरून माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती.

जेवणाच्या पंगतीत मी आप्पांच्या शेजारी बसले. मसालेभात वाढून झाला, जिलेबी आली. मी म्हटलं, "आप्पा, चूक तुमची नव्हती. ते पार्टिशन चालवलं की मधलं सगळं जातं, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. आईची पानं दुसरीकडे ठेवायची होती, तिथं मी गाणी ठेवली. फ्लॉपी पण मीच बंद केली." एका दमात बोलले, ताटाकडे बघत. डोळ्यांतलं पाणी भातात पडू नये म्हणून मान वर केली.

आप्पा जिलेबी खात होते. ती संपवून त्यांनी बोटं पुसली. "जाणार हाय हे मला म्हाईत व्हतं," ते म्हणाले.

"तुम्हाला? कसं?"

"मशीननं लिवून दावलं की. तेवढं इंग्लिश येतं मला. ऑल डेटा विल बी लॉस्ट. कंपनीत आसली पाटी दिसली तर आमी हात लावत न्हाई. मी दहा मिंटं नुसता बसलो बग त्या पडद्याम्होरं. परत परत कागद वाचला. कागदावर व्हतं, विचारल्यास येस."

"मग? तरी दाबलंत कशाला?"

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हा काय विचारायचा प्रश्न झाला.

"तू सांगितलं व्हतंस न्हवं, सगळं परत येतं म्हून."

वाढपी परत आला, आप्पांनी त्याला थांबवून माझ्या ताटात दोन जिलेब्या घालायला लावल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "खा. आन् पुढच्या टायमाला काय दाबायचं, ते तेवढं नीट सांग, म्हंजे झालं."